डाव्या मनगटावरची पट्टी

आबा, तुम्हाला लिहायला बसले आणि सगळ्यात आधी डावा हात टेबलाखाली घेतला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. खोलीत मी एकटी आहे, तुमचे जावई बाहेरच्या खोलीत दुपारचे झोपलेत, तरीही हात लपवला. त्या हाताच्या मनगटावर एक काळी पट्टी आहे. इलॅस्टिकची, दोन बोटं रुंद, आतून वाटाण्याएवढं प्लॅस्टिकचं बटण शिवलेलं. ते बटण मनगटाच्या एका ठरावीक जागी दाबून बसलं की मळमळ कमी होते, असं चिनी लोकांचं फार जुनं शास्त्र सांगतं. तुमची मुलगी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी, नोकरीची शेवटची वर्षं उरलेली, ती पट्टी घालून वर्गात उभी राहते आणि राहून राहून ब्लाउजची बाही खाली ओढते. याची लाज कुणापुढे बोलावी म्हटलं तर तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. खरं तर ती तुमचीच लाज आहे.

आधी आजाराचं सांगते. मला कॅन्सर झाला. कुठे, हे तुमच्यासमोर तोंडाने मी कधी सांगू शकले नसते. आपल्या घरात छाती हा शब्द फक्त तुमच्या खोकल्यापुरता होता. उजव्या बाजूचं काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि मग केमो सुरू झाली. इथेच, रत्नागिरीतल्या एका इस्पितळात. सकाळी जायचं, खुर्चीत बसायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. त्यानंतरचे दिवस मात्र विचारू नका. डॉक्टरांनी उलटीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी उलट्या बऱ्याच आवरल्या, पण मळमळ काही जाईना. उलटी निदान होऊन जाते. मळमळ बसून राहते, नको असलेल्या पाहुण्यासारखी. उकड्या तांदळाच्या पेजेचा वास सोसेना म्हणून जावई मागच्या दारी स्टोव्ह मांडून स्वयंपाक करायला लागले. म्हावरं तर घरात यायचंच बंद झालं. लग्नापासून ज्या माणसाला मी रोज विचारलं, आज मासा कुठला आणलात, तो आता बाहेरून जेवून आला की साबणाने हात धुऊन, लांबच उभा राहून ते हुंगून मग माझ्याजवळ बसायचा.

मधल्या बऱ्या दिवसांत मी शाळेत जात होते. घरी बसून आढं बघण्यापेक्षा ते बरं. एकदा आठवीच्या वर्गात आम्लं आणि आम्लारी शिकवत होते. लिटमस दाखवायला व्हिनेगरची बाटली उघडली आणि तो वास नाकात गेला तसं मला दारापर्यंतही पोचता आलं नाही. सगळा वर्ग बघत होता. कुणी हसलं नाही आबा, हसले असते तर बरं झालं असतं. दोन मुलींनी न सांगता माती आणून टाकली आणि झाडू घेतला. मी खुर्चीत बसून त्यांना नको नको म्हणत राहिले. डोक्यावरचा स्कार्फ सरकला होता, तो नीट करायचंही सुचलं नाही. घरी येऊन मी यांना म्हटलं की आता शाळा पुरे. हे म्हणाले, शाळा सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारू तरी.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या आणि मग म्हणाले, इथे एक बाई येतात, फिजिओथेरपीच्या आहेत, पुढे ॲक्युपंक्चर शिकल्यात. गोळ्या सोडायच्या नाहीत, पण त्यांच्या जोडीला हे करून बघायला हरकत नाही. काही पेशंटना बरं वाटतं. मी लगेच विचारलं की याला पुरावा काय. त्यांनी शांतपणे सांगितलं की या मळमळीसाठी थोडा आहे, बाकी पुष्कळ गोष्टींसाठी नाही, आणि कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगायला लागलं तर तिथून उठून यायचं. मला हे उत्तर आवडलं. आवडलं म्हणूनच भीती वाटली, कारण आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. घरी येताना रिक्षात हे म्हणाले, चीन म्हणजे काही अगदी परका मुलूख नाही, बुद्ध तिकडेही पोचलाच होता. मी म्हटलं, बुद्ध इथून तिकडे गेला म्हणून तिकडून आलेली सुई खरी ठरत नाही. तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात. पण दुसऱ्या दिवशी मी गेले.

त्या बाईंनी माझी तीन बोटं माझ्याच मनगटाच्या घडीखाली आडवी ठेवायला लावली. उजव्या हाताला त्यांनी हात लावला नाही. काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सुई नको आणि घट्टही काही नको, म्हणाल्या. डाव्या हातावर दोन शिरांसारख्या दोऱ्या वर येतात ना, त्यांच्या मधोमध एक जागा. तिचं चिनी नाव त्यांनी सांगितलं, नेईग्वान. आतला दरवाजा असा काहीसा अर्थ. सुई केसासारखी बारीक. टोचल्याचं दुखणं जवळपास नाही, पण आत काहीतरी जड झालं, बोटांपर्यंत मुंग्या गेल्या. मी त्यांना विचारलं, हे चालतं कसं? त्या म्हणाल्या, "जुनी पुस्तकं एक सांगतात, आजचे लोक मज्जातंतूंचं काही सांगतात. मला पक्कं माहीत नाही. सगळ्यांना गुण येतो असंही नाही. तुम्ही विश्वास ठेवायची गरज नाही, फक्त हात सैल सोडा." मी डोळे मिटले. त्या संध्याकाळी मी दहीभात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

पुढच्या केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या. अशा वेळी सुई टोचायची नाही, जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून बाईंनी सुया थांबवल्या आणि ही पट्टी दिली. मी दुसरा रंग मागितला. त्यांच्याकडे काळाच होता. त्यांना वाटलं असेल, या वयात रंगाचे काय चोचले. त्यांना मी सांगू शकले नाही.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझ्या आठवणीत ते कसं आहे ते सांगते. मी तिसरी-चौथीत असेन. आपण दापोलीपासच्या त्या गावात राहतोय, तुमच्या शाळेजवळच्या दोन खोल्यांत. मला ताप भरलाय, तुम्ही दवाखान्यातून गोळ्या आणल्यात, आणि तुम्ही शाळेत गेल्यावर आत्या येते आणि कुणाकडून तरी मंतरून आणलेला काळा दोरा माझ्या हातात बांधते. आई विळीवर बसून बांगडे साफ करतेय. ती आत्याला नको म्हणत नाही, बांध असंही म्हणत नाही. तुम्ही संध्याकाळी येता. माझ्या कपाळाला हात लावता, ताप उतरलेला असतो, तुम्ही हसता, आणि मग तुम्हाला माझं मनगट दिसतं. तुम्ही ओरडत नाही. माझा हात धरून विळीकडे नेता, दोरा पात्यावर हलकेच टेकवता आणि तो तुटतो. त्याला बांगड्याचा वास लागलेला. मग तुम्ही पाटावर बसून मला समोर उभं करता.

"ताप गोळीने उतरला," तुम्ही म्हणता. "पण गाव म्हणेल दोऱ्याने उतरला. पुढच्या वेळेस गोळी राहील आणि दोरा बांधतील. म्हणून तोडला. आणि दुसरं कारण आहे ते नीट ऐक. आपल्या लोकांना एके काळी मनगटाला काळा दोरा बांधायला लावत. लांबून कळावं की कोण आहे, आणि बाकीच्यांनी बाजूला व्हावं. तो हात मोकळा करायला पुष्कळ माणसं खपली. तो मोकळाच ठेवायचा."

मी तो मोकळा ठेवला. शाळेत मैत्रिणी राखीपौर्णिमेनंतर महिनाभर राख्या मिरवायच्या, मी संध्याकाळीच सोडून ठेवायची. बीएड झाले आणि नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तुम्ही दापोलीच्या बाजारातून घड्याळ आणलंत आणि स्वतः माझ्या डाव्या हाताला बांधलंत. मनगटाला बांधायचंच तर हे बांध, म्हणालात. त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. त्या घड्याळाचे पट्टे कितीदा बदलले, पण हात तोच राहिला. आता डाव्या हाताला पट्टी आहे, उजव्याला काही बांधायचं नाही, म्हणून घड्याळ कपाटात आहे आणि तास संपायला किती वेळ राहिला हे मी पोरांना विचारते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. नववीत एक मुलगी आहे. बंदराकडच्या वाडीतली, वडील बोटीवर, आई मासळी सुकवून विकते. या मुलीला आकडी येते. गेल्या वर्षी तिच्या हातात, दंडात, गळ्यात मिळून दोऱ्यांचा नुसता गुंता होता आणि औषध काहीच नव्हतं. मी तिच्या आईला शाळेत बोलावलं, दोनदा, तीनदा, समजावलं, शेवटी स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आकडी थांबली. एक दिवस पोरीने आपणहून दोरे काढून टाकले आणि मोकळे हात मला दाखवायला स्टाफरूमच्या दारात आली. आबा, त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली होती. मी अगदी तुमच्यासारखी वागले असं मला वाटलं होतं, आणि ते वाटून घेताना बरंही वाटलं होतं.

या पावसाळ्यानंतर मी पट्टी घालून वर्गात गेले. वह्या तपासताना बाही वर सरकली असणार. ती माझ्या टेबलाशी उभी होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, हा कशाचा?"

मी सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. मळमळीसाठी आहे, डॉक्टरांना विचारून घातलीय, गोळ्याही चालू आहेत. विज्ञानाच्या शिक्षिकेला यापेक्षा चांगला धडा कुठला मिळणार होता? पण मनगटावर काळं बांधलेलं तिने पाहिलं एवढंच मला कळलं. मी बाही खाली ओढली, वही तिच्या हातात दिली आणि पुढची मुलगी बोलावली. ती जागेवर गेली.

मी गप्प बसले, पण ती मुलगी गप्प का बसेल? मला नंतर कळलं, तिने घरी सांगितलं की बाईंनीपण बांधलाय. गोळ्यांनी पोर पेंगते म्हणून आई आधीच कंटाळली होती. तिने गोळ्या बंद केल्या आणि दोरा आणला. काही दिवसांनी परिपाठाच्या वेळी, सगळी शाळा रांगेत उभी असताना, ती पोर पडली. मी त्या दिवशी शाळेत नव्हते, इस्पितळात खुर्चीत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. डोकं पायरीवर आपटलं, टाके पडले, हाताला पुन्हा दोरा होता, असं त्या सांगत होत्या. मी पलंगावर पडून ऐकत होते आणि पट्टीतलं ते बटण मनगटात रुतत होतं.

केमोनंतरचे पहिले दिवस मी अंगणातही जात नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी रिक्षा बोलावली. हे बरोबर येतो म्हणाले, मी त्यांना रिक्षातच बसायला सांगितलं. वाडीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना मासळी वाळत घातलेली. वास असा की मी साडीचा पदर तोंडात कोंबला. तिच्या घराच्या पायरीपर्यंत कशीबशी पोचले आणि तिथेच, त्यांच्या तुळशीशेजारी, बसून ओकले. आतून तिची आई धावत आली. तिने काही विचारलं नाही. एका हाताने माझं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळत राहिली, मग तांब्या आणून माझ्या तोंडावर पाणी मारलं. माझा स्कार्फ सुटून खाली पडला होता. तिने तो उचलला, झटकला, आणि माझ्या टकलाकडे बघून तिचा हात जागीच राहिला. मला कॅन्सर आहे हे त्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी शाळेत फक्त तब्येत बरी नसते एवढंच सांगितलं होतं. ही आणखी एक लाज.

त्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. कसला आजार, कसलं औषध, ही पट्टी कशासाठी. पोर दारात येऊन उभी होती, कपाळाला पट्टी बांधलेली. मी तिलाही ऐकायला बोलावलं. सांगितलं की तू विचारलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी एकही गोळी सोडलेली नाही, सोडली असती तर जगले नसते, आणि तूही सोडायची नाहीस. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन बाई, तुमाला ह्याचा गुन येतो का नाय, ता सांगा."

आबा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मला माहीत आहे, आणि ते मला देता आलं नाही. मी म्हटलं, येतो असं वाटतं. बटणाने येतो, गोळ्यांनी येतो की कुणीतरी काहीतरी करतंय म्हणून येतो, हे मला सांगता येत नाही. मी तिला फरक समजावायचा प्रयत्न केला. ही जागा पुष्कळ माणसांवर दाबून पाहिली आहे, काहींना गुण आला, काहींना नाही, कुणी मंत्र घातलेला नाही, उद्या गुण नाही आला तर काढून टाकेन. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की तिच्या कानाला हे कसं लागत असेल. तिच्या दोऱ्यालाही पुष्कळ माणसांनी गुण आल्याचं सांगितलंच असणार.

ती म्हणाली, "मग मी गोली देते. पन दोरा ऱ्हावंदे. तुमचा बी हाय ना."

मी पोरीच्या मनगटाकडे पाहिलं. तोडायला सांगावं असं तोंडाशी आलं. पण ज्या बाईने आत्ताच माझी ओकारी धुतली, तिच्या दारात, स्वतःच्या हाताला पट्टी ठेवून, मी ते कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी म्हटलं, गोळी एकही दिवस चुकवायची नाही, दोऱ्याचं तुमचं तुम्ही बघा. पेंग येते त्याबद्दल डॉक्टरांना विचारू, मी बरोबर येईन. तिने मान हलवली. निघताना तिने माझ्या हातात आल्याचा तुकडा ठेवला, दाताखाली धरा म्हणाली. रिक्षात यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अर्धं झालं.

तेव्हापासून मी वर्गात बाही ओढत नाही. म्हणजे ओढते, पण लक्षात आलं की सोडते. नववीच्या वर्गात एक पूर्ण तास मी या पट्टीवर घेतला. काय कळलंय, काय कळलेलं नाही, हे फळ्यावर दोन बाजूंना लिहिलं. कळलेलं नाही ती बाजू जास्त भरली. एका मुलाने विचारलं, मग बाई तुम्ही घालता कशाला? मी म्हटलं, कारण मळमळतं. सगळे हसले, मीपण हसले. ती मुलगी पुढच्या बाकावर होती. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदलून दिलंय, ती आता तेवढी पेंगत नाही आणि आकडी आलेली नाही. दोरा अजून आहे. दर सोमवारी मी आधी तिच्या हाताकडे बघते आणि मग हजेरी घेते. तुम्ही असतात तर एव्हाना त्या आईला पटवून दोरा तिच्याच हाताने सोडवला असतात. तुमच्याकडे ती ताकद होती, कारण तुमचा हात मोकळा होता. माझ्याकडे तिला सांगायला जे आहे ते अर्धं आहे, आणि ते मी खाली मान घालूनच सांगते.

हे पत्र मी कुठे धाडणार नाही. तुमचा पत्ता असता तरी धाडलं नसतं. पट्टीपर्यंतचं तुम्ही समजून घेतलं असतंत, नववीच्या मुलीवरून रागावला असतात आणि मग काय करायचं ते सांगितलं असतंत. पण आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कळू नये असं वाटतं. शेवटची केमो होऊन गेली. रक्त सुधारलं, आणि बाईंनी सुया पुन्हा सुरू केल्या. मळमळ हळूहळू विरत गेली आणि परवापासून अजिबात नाही. काल मी ठरलेल्या वेळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्याने जागा चाचपली आणि विचारलं, अजून वाटतं का काही? त्यांचा हात गरम होता आणि त्यांना घाई नव्हती. मी म्हटलं, हो, थोडं आहे.